फ्लोरिनयुक्त रसायनं आणि सरकारी छाननी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मावसबहीण ओंटारिओत राहते. मध्यंतरी तिच्या नगरपालिकेचा पाण्याचा अहवाल घरी आला, तिने त्याचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, "हे पीफास काय प्रकरण आहे? सरकारने तपासलंय म्हणतात. तपासलंय म्हणजे नक्की काय केलंय?" उत्तर देता देता फोनवर दीड तास गेला. मग तेच प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर आले, नंतर एका व्याख्यानानंतर चहाच्या टेबलावर आले. म्हणून ही प्रश्नावली लिहून काढली. उदाहरण मुख्यतः कॅनडाचं घेतलंय, कारण तिथल्या कायद्याने छाननी आणि सावधगिरी या दोन गोष्टी एकाच कलमात आणून ठेवल्या आहेत.

पीफास म्हणजे नेमकं काय?

कार्बनची साखळी आणि तिला हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन लागलेला, अशा मानवनिर्मित रसायनांचं हे भलंमोठं कुटुंब. कार्बन आणि फ्लोरिनमधला बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातला सगळ्यात चिवट एकेरी बंध. ऊन, पाऊस, जिवाणू, आपलं यकृत, कोणालाच तो धड तोडता येत नाही. कापडावर डाग पडत नाही, कागदातून तेल झिरपत नाही, पेट्रोलची आग फेसाखाली दबते, ते याच चिवटपणामुळे. आणि एकदा बाहेर पडलं की ते जात नाही, तेही याचमुळे. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये यादी केली, तेव्हा ती ४,७०० च्या वर गेली.

नावं इतकी सारखी आहेत की अभ्यासकसुद्धा बोलताना अडखळतात. इथे दोनच लक्षात ठेवा. पीएफओएस: गालिच्यांवरचा डागरोधक थर आणि विमानतळावरचा आग विझवायचा फेस यातलं. पीएफओए: टेफ्लॉन बनवताना वापरलं जायचं ते, 'सी-८' हे त्याचंच टोपणनाव.

म्हणजे टूथपेस्टमधलं फ्लोराइडच ना?

नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरच्या पाण्याने दात तपकिरी होतात, सांधे आखडतात, ते फ्लोराइड खडकातून येतं आणि पाण्यात मिठासारखं सुटं विरघळलेलं असतं. पीफासमधला फ्लोरिन कार्बनला जखडलेला असतो. मापही निराळं. फ्लोराइड लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात, पीफास नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे दहा लाख पटींनी लहान मापात. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या फ्लोराइडच्या किटने पीफास सापडणार नाही.

सरकार प्रत्येक रसायन बाजारात येण्याआधी तपासतं का?

नवीन असेल तर बऱ्याच देशांत तपासतं. घोळ जुन्यांचा आहे. कॅनडाने १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत देशात वापरात असलेल्या पदार्थांची यादी केली, ती सुमारे २३,००० ची झाली. अमेरिकेने १९७६ च्या कायद्यात सुमारे ६२,००० पदार्थ असेच आत घेतले. आधीपासून आहेत ना, मग राहू द्या, असा हिशेब.

कॅनडाच्या १९९९ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने मग सांगितलं की सात वर्षांत ही सगळी यादी चाळा. विचारायचं एवढंच: पदार्थ निसर्गात टिकून राहतो का, सजीवांच्या शरीरात साठतो का, मुळात विषारी आहे का, आणि लोकांचा त्याच्याशी फार संबंध येतो का? सप्टेंबर २००६ पर्यंत हे काम झालं आणि सुमारे ४,३०० पदार्थ 'आणखी बघायला हवेत' म्हणून बाजूला निघाले. यातल्या पदार्थांची पुढे जी पाहणी होते तिला छाननी-मूल्यांकन म्हणतात.

अधिकारी बाटली उघडून उंदरांवर प्रयोग करत बसलेत असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. बहुतेक काम कागदावरचं असतं. प्रसिद्ध झालेले अभ्यास, कंपन्यांनी दिलेली माहिती आणि संगणकावरची गणितं. जे कोणी मोजलंच नाही, ते या फायलीत येत नाही.

ही चाळणी पीएफओएसवर कशी चालली?

हा भाग जरा सावकाश वाचा, सगळी गंमत इथे आहे.

चाळणीची भोकं डीडीटीसारख्या रसायनांच्या मापाने पाडलेली होती. डीडीटी चरबीत विरघळतं. एखादं रसायन शरीरात साठेल का हे ताडण्याची जुनी युक्ती अशी: काचेच्या भांड्यात पाणी आणि ऑक्टॅनॉल नावाचं तेलकट द्रव घ्या, त्यात रसायन टाका, खूप हलवा आणि ठेवून द्या. मिसळीवर तर्री तरंगते तसं ऑक्टॅनॉल वर येतं. रसायन तर्रीत गेलं तर ते चरबीतही जाणार, पाण्यात राहिलं तर लघवीवाटे निघून जाणार. पीएफओएस यातलं काहीच करत नाही. ते साबणाच्या जातीचं. दोन थरांच्या मध्ये जाऊन बसतं आणि स्वतःचाच तिसरा थर धरतं. आकडा निघतच नाही.

दुसरी कसोटी माशांची. पाण्यातल्या प्रमाणाच्या ५,००० पट किंवा जास्त माशात सापडलं तर 'साठणारं', असा कॅनडाचा नियम. माशांच्या बाबतीत पीएफओएसचे आकडे या रेषेखाली राहिले. म्हणजे कागदोपत्री पास. पण मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. त्याचं रक्त सतत पाण्याला लागून वाहतं, त्यामुळे पाण्यात विरघळणारी गोष्ट कल्ल्यांवाटे परत धुतली जाते. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्याला ही सोय नाही. तिथे पीएफओएस चरबीत जात नाही, रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरून बसतं. माणसाच्या रक्तातून त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षं लागतात.

२००१ मध्ये जगभरातल्या वन्यप्राण्यांच्या रक्ताचे आणि यकृताचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात आर्क्टिकमधली ध्रुवीय अस्वलंही होती. जवळपास ना कारखाना, ना गालिचे, ना विमानतळ. तरी अस्वलाच्या यकृतात पीएफओएस सापडलं. चाळणीने न पकडलेली गोष्ट अस्वलाने पकडून दाखवली, असं मी व्याख्यानात म्हणतो.

२००६ च्या अंतिम छाननीत कॅनडा सरकारने पीएफओएस पर्यावरणाला घातक ठरवलं आणि २००८ मध्ये त्यावर निर्बंध आणणारे नियम केले. पण त्याचं समूळ उच्चाटन करायच्या यादीत ते घालायला सरकार तयार नव्हतं, कारण काय, तर माशांचा तो आकडा नियमात बसत नाही! शेवटी एका खासदाराच्या खासगी विधेयकातून संसदेनेच २००८ मध्ये तसा कायदा केला.

तेव्हा माणसाला धोका नाही असं म्हटलं होतं, हे खरं का?

खरं आहे. २००६ ला पीएफओएसबद्दल आणि २०१२ ला पीएफओएबद्दल, दोन्ही वेळा निष्कर्ष हाच होता की पर्यावरणाला घातक, पण सध्याच्या प्रमाणात माणसाच्या आरोग्याला धोका नाही. यात कोणी खोटं बोललं असं नाही. त्या कायद्यात 'घातक' हा शब्द गुण म्हणून येत नाही, प्रमाण म्हणून येतो. लोकांच्या रक्तात जेवढं सापडतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगात जेवढ्याने इजा होते, त्या दोन आकड्यांत पुरेसं अंतर आहे का, एवढंच बघितलं जातं. पुढच्या वर्षांत नवे अभ्यास आले, लसीला शरीर कसा प्रतिसाद देतं, कोलेस्टेरॉलचं काय होतं, हे लहान मात्रांनाही तपासलं गेलं आणि ते अंतर आक्रसत गेलं.

सावधगिरीचं तत्त्व म्हणजे पुराव्याशिवाय बंदी का?

नाही, आणि हा गैरसमज दोन्ही बाजूंनी पसरवला जातो. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं पंधरावं तत्त्व सांगतं ते असं: गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीची शक्यता असेल, तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही ही सबब पुढे करून परवडणारे उपाय लांबवू नका. पुरावा लागतोच. फक्त पूर्ण पुराव्याची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताक पिणं काही सोडत नाही.

कॅनडाच्या कायद्यातलं कलम ७६.१ मंत्र्यांना छाननी करताना दोन गोष्टी एकत्र करायला बांधील ठरवतं. सगळ्या पुराव्यांचं वजन बघा आणि सावधगिरीचं तत्त्व लावा. पीएफओएसच्या वेळी अस्वलाचा आकडा माशाच्या आकड्याशेजारी ठेवता आला तो या पहिल्या अर्ध्या भागामुळे.

यात भारताचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून वेल्लोर नागरिक कल्याण मंच न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सावधगिरीचं तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग आहे, आणि आपलं काम निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी उद्योगावर आहे. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, क्यूबेकमधल्या हडसन नावाच्या छोट्या गावाने बागांमधल्या कीटकनाशकांवर घातलेल्या निर्बंधाचा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात आला. गावाच्या बाजूने निकाल देताना तिथल्या न्यायमूर्तींनी भारताच्या याच निकालाचा दाखला दिला. वेल्लोरच्या विहिरी हडसनच्या हिरवळीपर्यंत पोचल्या म्हणायच्या.

कॅनडाने हे तत्त्व पीफासच्या बाबतीत वेळेवर वापरलं का?

एकदा, हो. २००४ मध्ये फ्लुओरोटेलोमर जातीचे चार नवीन पदार्थ मंजुरीसाठी आले. पदार्थ वापरात टिकाऊ, पण निसर्गात ते हळूहळू मोडतात आणि त्यातून लांब साखळीची आम्लं तयार होतात. तीच आम्लं आर्क्टिकमध्ये सापडायला लागली होती. सरकारने चारही पदार्थांवर तात्पुरती मनाई घातली आणि २००६ मध्ये या आम्लांच्या सगळ्या गटासाठी कृती आराखडा जाहीर केला. पुरावा पूर्ण नव्हता, दिशा स्पष्ट होती, आणि पदार्थ अजून दाराबाहेर होता. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. दार उघडून माल सगळीकडे गेल्यावर हीच गोष्ट शंभर पट महाग पडते. ओंटारिओतल्या नॉर्थ बे शहराला विचारा. तिथल्या विमानतळावर सैन्याने अनेक वर्षं आग विझवायचे सराव केले, फेस जमिनीत मुरला आणि गावाला पाणी पुरवणाऱ्या ट्राउट लेकपर्यंत गेला.

एक बंद केलं की दुसरं येतं, असं म्हणतात. खरं?

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. अमेरिकेत पीएफओए मागे घ्यायचं ठरलं तेव्हा त्याच्या जागी जेनएक्स आलं. साखळी लहान, म्हणून शरीरातून लवकर निघतं, असा युक्तिवाद. तिथल्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००९ मध्ये अटी घालून परवानगी दिली. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन शहराला कळलं की ज्या केप फिअर नदीचं पाणी आपण पितो, तिच्यात वरच्या अंगाच्या कारखान्यातून जेनएक्स येतंय. कंपनीचं म्हणणं असं की हे दुसऱ्याच प्रक्रियेतलं उपउत्पादन आहे, आणि परवानगीतली अट उपउत्पादनाला लागू नव्हती. २०२१ मध्ये ईपीएने जेनएक्सची सुरक्षित मात्रा ठरवली ती रोज शरीराच्या किलोमागे ३ नॅनोग्रॅम. २०१६ मध्ये पीएफओए-साठी त्याच संस्थेने २० धरली होती.

मग पूर्ण कुटुंबच एकदम का तपासत नाहीत?

आता तेच चाललंय. हजारो भावंडं एकेक करून तपासायची तर आपली नातवंडंही ती फाइल बघत बसतील. कॅनडाने मार्च २०२५ मध्ये पीफासची स्थिती सांगणारा अंतिम अहवाल काढला आणि फ्लुओरोपॉलिमर (नॉनस्टिक तव्यावरच्या थरासारखे अवाढव्य रेणू) वगळता उरलेला सगळा वर्ग घातक ठरवला. निर्बंधांचा पहिला टप्पा आग विझवायच्या फेसाचा. सौंदर्यप्रसाधनं, कपडे, अन्नाची वेष्टनं त्यानंतर. युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १०,००० पदार्थांवर एकत्र निर्बंध घालायचा प्रस्ताव दिला. त्यावर ५,६०० हून अधिक हरकती-सूचना आल्या.

उद्योगांचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येत इतकं काही बसतं की नेहमीची काही औषधंही पीफास ठरतात. सगळ्यांना एकाच दोरीने बांधता येणार नाही. पण 'सगळे सारखे नाहीत' हे म्हणणारा, आपला पदार्थ वेगळा कसा हे दाखवायची जबाबदारीही स्वतः घेतो का, ते बघावं.

नॉनस्टिक तवा फेकून द्यायचा का?

तव्यावरचा थर फ्लुओरोपॉलिमरचा असतो. रेणू अवाढव्य, पोटात गेला तरी बहुतेक तसाच बाहेर पडतो. कॅनडाने तो वर्गातून वगळला तो यामुळेच; युरोपच्या प्रस्तावात मात्र तो आहे, कारण तिथे तवा बनताना आणि कचऱ्यात गेल्यावर काय होतं तेही धरलंय. घरापुरतं सांगायचं तर रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका. थर जास्त तापला की वाफा निघतात, आणि घरात पाळलेला पोपट असेल तर तो त्यांनी मरू शकतो. खरवडलेला असेल तर बदला. आमच्याकडे डोशाला बिडाचा तवा आहे, अर्धा कांदा तेलात बुडवून घासला की सुटतो मस्त. पहिला डोसा बिघडतो, तो करणाऱ्याने खायचा.

कंपन्यांना आधी माहीत नव्हतं का?

पश्चिम व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटचा कारखाना होता. शेजारच्या शेतकऱ्याच्या गायी एकामागून एक मरायला लागल्या. त्याने व्हिडिओ काढले, वकील रॉब बिलट यांना गाठलं, आणि खटल्यातून कंपनीच्या आतले कागद बाहेर आले. कारखान्यातल्या गर्भवती कामगार महिलेकडून हे रसायन बाळापर्यंत पोचल्याची माहिती कंपनीकडे १९८१ पासून होती आणि ती कळवली नाही, असा ईपीएचा आरोप होता. २००५ मध्ये दोष मान्य न करता कंपनीने दंड आणि पर्यावरण प्रकल्प मिळून १ कोटी ६५ लाख डॉलरचा समझोता केला. दुसऱ्या खटल्याच्या तडजोडीतून सुमारे ६९,००० लोकांची माहिती आणि रक्ताचे नमुने गोळा झाले. २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने सहा विकारांशी सी-८ चा संभाव्य संबंध सांगितला: वाढलेलं कोलेस्टेरॉल, थायरॉइडचे आजार, आतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातला रक्तदाब, मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग.

छाननी कागदावर चालते असं वर म्हटलं, ते इथे आठवा. जो कागद कपाटात राहिला, त्याची छाननी कोण करणार?

पाण्यातली मर्यादा प्रत्येक देशात वेगळी का?

अमेरिकेत २०२४ पासून पीएफओए आणि पीएफओएस प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. पाणीपुरवठा करणाऱ्यांना ती पाळायला मुदत आहे. कॅनडात ऑगस्ट २०२४ पासून २५ पीफासची बेरीज ३०. युरोपीय संघात २० पीफासची बेरीज १००. रसायन तेच, शरीर तेच. फरक हा की कोणी दोनच पदार्थ धरतं, कोणी बेरीज करतं, आणि प्रयोगशाळेला किती लहान आकडा खात्रीने मोजता येतो, शुद्धीकरणाला काय परवडतं, तेही हिशेबात येतं. कॅनडाचा ३० हा आकडा 'याखाली सगळं ठीक' असं सांगत नाही. शक्य तितकं कमी ठेवा, असं ते उद्दिष्ट आहे. त्याच कॅनडात २०१८ पर्यंत मागे गेलात तर पीएफओएससाठी ६०० आणि पीएफओएसाठी २०० चालत होतं.

३० नॅनोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मिठाचे चार-पाच बारीक कण.

पाणी उकळलं तर?

पाण्याची वाफ होते, पीफास मागे राहतं, म्हणजे प्रमाण उलट किंचित वाढतं. आरओ आणि सक्रिय कोळशाचा फिल्टर उपयोगी पडतात, कार्ट्रिज वेळेवर बदलला तर.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची मर्यादा आहे, पीफासची नाही. राष्ट्रीय हरित लवाद कायद्याचं कलम २० लवादाला सावधगिरीचं तत्त्व लावायला सांगतं. तत्त्व आहे, आकडा नाही, अशी ही अवस्था.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामची गोष्ट यासाठी सांगायला हवी. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनोला मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. व्हेनेतो भागातलं भूजल दूषित झाल्याचं २०१३ मध्ये उघडकीला आलं, सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला, आणि जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री दरम्यान एका भारतीय कंपनीने विकत घेऊन लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आणली. यंत्रं आली म्हणजे प्रदूषणही आलं असं कोणी म्हणू नये. ते मोजूनच सांगायचं असतं. पण लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी कैक वर्षांच्या आहेत, आणि मानकात पीफासची ओळच नसेल तर मोजा म्हणून सांगायचं कोणाला? २००४ चे ते चार पदार्थ कॅनडाने दाराबाहेर असताना अडवले होते. इथे माल दाराच्या आत आलाय, तेव्हा निदान खाडीच्या आणि विहिरींच्या पाण्याची आजची नोंद तरी करून ठेवा, म्हणजे उद्या तुलना करायला काहीतरी असेल.

रक्त तपासून घ्यावं का?

दूषित भागात राहत नसाल तर त्या आकड्याचं पुढे काय करायचं हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. पैसे वाचवा.

आणि त्या मावसबहिणीच्या पाण्याचं काय झालं?

तिच्या गावचा आकडा ३० च्या बराच खाली होता. तरी तिने ओट्याखाली कोळशाचा फिल्टर बसवला. कार्ट्रिज बदलायची तारीख फ्रिजवर चिकटवलेल्या कालनिर्णयमध्ये लिहिली आहे, संकष्टीच्या शेजारी.